उंबरओढ्याचं वळण

सरुबाईनं टॉवरमध्ये बागकाम धरलं तेव्हा पोपट कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पोपट तिचा एकुलता एक मुलगा. लोणी काळभोरच्या एका कॉलेजची बस चालवायचा. घरात खायलाप्यायला कमी नव्हतं, सून चांगली होती, आणि साठी उलटलेल्या आईनं डोक्याला फडकं बांधून लोकांच्या हिरवळीतलं तण काढावं हे त्याला काही केल्या पचेना.

"आये, आपलीच वस्ती हुती ती. आता तिथंच जाऊन गवत उपटणार तू?"

"उपटते की. घरात बसून गुडघं धरत्यात माझं."

"आबा, तुमी तरी सांगा तिला."

ओट्यावर बसलेल्या धोंडिबानं, म्हणजे सरुबाईच्या नवऱ्यानं, बायकोकडं एकदा पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली आणि काही न बोलता तो चौकाकडं निघून गेला. तो तसा अबोलच माणूस. त्यामुळं त्याच्या गप्प राहण्याचं कुणाला काही वाटलं नाही.

गुडघ्यांचं निमित्त होतं. खरं कारण सरुबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता जिथं टॉवर उभे आहेत तिथं पूर्वी उंबरओढा नावाची वस्ती होती. लोणीकडून पुण्याला येताना हमरस्ता सोडून टेकडीच्या अंगाला वळलं की बैलगाडीची वाट लागायची, आणि ती वाट ओढ्यात उतरून पलीकडं चढली की दहाबारा घरं. वस्तीच्या पाठीशी टेकडी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना ओढा. टेकडीवरून उतरलेलं पाणी वस्तीला कवेत घेतल्यासारखा वळसा घालायचं आणि मग नदीकडं निघून जायचं. उन्हाळ्यात हा ओढा म्हणजे नुसती वाळू. पण वळणावर, उंबराच्या मुळाशी, हातभर खड्डा केला की पाणी लागायचंच. त्या पाण्यावरच वस्ती बसली होती.

कधी काळी जेजुरीकडून परतणारा एक मेंढपाळ तिथं थांबला, कारण त्याची मेंढी वाटेतच व्याली. मेंढी उठेपर्यंत थांबू म्हणाला, तो कायमचाच राहिला. धोंडिबाचं घराणं त्याचंच. पुढं प्लेगाच्या साली पुण्यातली काही कुटुंबं जीव वाचवायला बाहेर पडली आणि त्यांनी उंबरओढ्याच्या माळावर झोपड्या टाकल्या. ओढ्यातलं पाणी त्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी एक बांधीव आड खणून घेतला. साथ सरली, माणसं पेठेत परतली, आड मागं राहिला. वस्ती त्याला शेवटपर्यंत 'पुणेकरांचा आड' म्हणायची. एवढाच काय तो उंबरओढ्याचा इतिहास. कुठल्या कागदावर तो नव्हता. सासूनं सुनेला, सुनेनं पुढच्या सुनेला सांगितलेला.

सरुबाई लग्न होऊन आली तेव्हा सोळा-सतराची होती. सासूनं तिला पहिल्याच महिन्यात सगळा परिसर दाखवला. हे खळं, ही गायरानाची वाट, हा आड. ओढ्याच्या वळणाशी आल्यावर मात्र सासू लांबच उभी राहिली. करंजाच्या झाडांखाली लहानलहान गोल धोंडे मांडलेले होते. "हितं आपली तान्ही असत्यात," सासू म्हणाली. वस्तीत तान्हं मूल गेलं तर त्याला जाळायचं नाही, वळणावर मातीत ठेवायचं, अशी रीत. प्रत्येक घराचं एखादं तरी तिथं होतं. सासूची स्वतःची दोन होती.

सरुबाईची पहिली मुलगी शालन. फाल्गुनात जन्मली, भाद्रपदात गेली. खालच्या हिरडीत दोन दात नुकतेच फुटले होते, ते दाखवत ती कुणाकडं पाहूनही हसायची. जुलाब-उलट्या लागल्या आणि त्याच वेळेला पावसानं धरलं. डॉक्टर लोणीला. लोणी तशी हाकेच्या अंतरावर, पण मध्ये ओढा. टेकडीच्या बाजूनं सगळी शेवाळलेली कातळाची चढण, तान्हं घेऊन कोण चढणार? धोंडिबानं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरून पाहिलं, पाण्यानं त्याला उचलून काठावर आपटलं. पुन्हा उतरला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी शालन आईच्या मांडीवरच गार झाली.

मूल ठेवायला बायकांनी जायचं नसतं. धोंडिबा आणि त्याचा थोरला भाऊ आप्पासाहेब तिला घेऊन गेले. दिवेलागणीला दोघं परतले ते नखशिखांत चिंब. आप्पासाहेबानं दारातूनच सांगितलं, "ठिवली वळणावर." धोंडिबा भिंतीकडं तोंड करून निजला.

पाणी ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी तो तिला वळणावर घेऊन गेला. एका जाड बुंध्याच्या करंजाखाली नवा गोल धोंडा होता. बोटानं तो दाखवून धोंडिबा बाजूला झाला. त्यानंतर शालनचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. सरुबाईनंही त्याच्यासमोर काढलं नाही. पुढं पोपट झाला, त्यालाही बहीण होती हे कुणी सांगितलं नाही.

पण दरवर्षी दिवाळीत, घरच्यांची अंघोळ उरकली की सरुबाई वाटीत तेल-उटणं घेऊन वळणावर जायची. धोंड्याला तेल चोळायची, उटणं लावायची, ओंजळभर ऊन पाणी घालायची. एवढं झालं की तिची दिवाळी झाली.

मग शहर आलं. वस्ती होती तिथंच राहिली आणि एके दिवशी कळलं की आपण आता पुण्यात आहोत, महानगरपालिकेत. टेकडी एका बाजूनं पोखरली जाऊ लागली. तिची खडी बैलगाडीच्या जुन्या वाटेवर झालेल्या रस्त्यानं जायची आणि त्याच रस्त्यानं मोटारीतून माणसं यायची, जमिनी बघायला. चुलतभावांनी विकल्या, मग आप्पासाहेबानं सह्या केल्या, त्याच्यामागून धोंडिबानं. बायकांना कुणी विचारलं नाही. वळणाची जागा सातबाऱ्यावर 'पोटखराबा' होती, म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली. ती सगळ्यांबरोबर गेली. धोंडिबाचं बिऱ्हाड लोणीला आलं, बाकीची माणसं हडपसरला, जिकडं जमेल तिकडं पांगली. आप्पासाहेब वर्षभरात वारला.

बांधकाम चालू होतं तोवर सरुबाई पत्र्याच्या फटीतून आत शिरून यायची. पण भिंत पुरी झाली, फाटक बसलं, आणि त्या दिवाळीला ती वाटी घेऊन फाटकाशी उभी राहिली. विदर्भातून आलेला तरुण वॉचमन होता. उद्धट नव्हता बिचारा.

"आजी, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचं आहे?"

"फ्लॅटात न्हाई बाबा. मागं, झाडाखाली."

"नंबर सांगा ना. नंबराशिवाय एन्ट्री होत नाही."

तिच्याकडं नंबर नव्हता. वाटी पदराखाली झाकून ती परत फिरली. दिवाळीनंतर बागेला बायका पाहिजेत असं तिच्या कानावर आलं, आणि तिनं काम धरलं.

पहिल्या दिवशी आत गेल्यावर तिला काही ओळखूच येईना, शेवटच्या वर्षभरात सगळं पालटलं होतं. ओढा सिमेंटच्या नळात घातला होता. त्याचं वळण काढून तो सरळ केला होता. खळ्यावर क्लबहाऊस, आडाच्या जागी गाड्यांचा उतार. उंबर गेला होता. पण क्लबहाऊसच्या मागं, मुलांच्या घसरगुंडीशेजारी, जाड बुंध्याचा एक करंज शोभेसाठी ठेवलेला होता. भोवती हिरवळ. धोंडे नव्हते; बाकीच्या करंजांखालची माती ओढा सरळ करताना उपसून गेली होती. तरी सरुबाईनं बुंध्याची ती खालची गाठ ओळखली, आणि तिथंच मटकन खाली बसली. मुकादम म्हणाला, "मावशी, ऊन लागलं का?" ती म्हणाली, "व्हय."

तेव्हापासून ती जेवायला रोज त्या करंजाखाली बसायची. तिथलं तण तिच्या हातचं असायचं, तिथं पाणी ती घालायची. दुपारनंतर पोरं खेळायला आली की सरुबाईला फार बरं वाटायचं. वस्ती उठल्यापासून पोर एकटी होती, आता तिच्या अवतीभवती दिवसभर हसणं-खिदळणं आहे, असं तिच्या मनात यायचं.

त्या पोरांत एक ओवी होती, चारेक वर्षांची. तिला घेऊन तिची आजी यायची, हेमाताई. जन्म शनिवार पेठेत गेलेला, नोकरी बँकेत, आणि आता मुलाकडं इथं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "इथं झाडांना नावाच्या पाट्या आहेत, काम करणाऱ्या माणसांना नाहीत. तुमचं नाव काय?"

"सरुबाई."

"सरुबाई, अख्खी बाग सोडून तुम्ही रोज इथंच का जेवता? तिकडं स्टाफसाठी पंख्याखाली जागा आहे. जाहिरातीत तरी लिहिलं होतं."

"सावली बरी हाय हितं."

हेमाताईंनी वर पाहिलं. करंजाची सावली त्या वेळेला भलतीकडंच पडलेली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याही दुपारी तिथं येऊन बसायला लागल्या. कधी डब्यातलं थालीपीठ द्यायच्या, कधी सुनेच्या स्वयंपाकाबद्दल एकच खोचक वाक्य टाकून पेपरात डोकं घालायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात टँकरवर टँकर यायला लागले आणि कमिटीनं ठरवलं की जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी बांधायची. जागा क्लबहाऊसच्या मागची. करंज काढावा लागणार होता. मुकादमानं सांगितलं आणि सरुबाईच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली, वाफा भरून पाणी पायवाटेवर आलं.

हेमाताईंनी स्वतः जाऊन नळ बंद केला. "काय झालं?"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरुबाईनं ते कुणाला तरी सांगितलं. ओढा, वळण, धोंडे, दोन दात, सगळं. सांगताना ती रडली नाही. हेमाताई मात्र चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, बराच वेळ.

"मी बोलते आमोदशी," त्या म्हणाल्या.

आमोद म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. आयटीतला, तरुण, मनानं वाईट नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "काकू, आय फील सो बॅड. पण टाकीला दुसरी जागाच नाही. आणि रेकॉर्डला असं काहीच नाहीये. मी मीटिंगमध्ये काय सांगू?"

"जे मी सांगितलं तेच सांग. मराठीतच होतं."

त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. त्या दिवशी ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. आपली मुलं तिथं खेळतात! बिल्डरनं हे लपवलं! माझी मुलगी हल्ली झोपेत दचकते, आता कळलं का! कुणी म्हणालं फ्लॅटचे भाव पडतील, कुणी म्हणालं वास्तुशांती पुन्हा करावी लागेल. दुसऱ्या दिवशी घसरगुंडीवर एकही पोर नव्हतं. करंजाभोवती कुणीतरी लाल-पांढरी फीत बांधली होती. ओवी आजीचा हात सोडून सरुबाईकडं पळत निघाली, तशी तिच्या आईनं वरच्या गॅलरीतून जोरात हाक मारली, "ओवी, तिकडं नाही जायचं! मागं ये!"

टाकी खणण्याआधी बाधा काढण्यासाठी शांतिपूजा करायची असं ठरलं. 'बाधा' हा शब्द सरुबाईनं मुकादमाच्या तोंडून ऐकला. ती खुरपं खाली ठेवून तशीच आमोदकडं गेली. तो गाडीत बसत होता.

"सायेब, दोन दातांचं लेकरू हाय ते. ते कुणाला काय करनार? त्याला उठून बसता बी येत नव्हतं."

आमोद गाडीतून उतरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मावशी, पूजेच्या आधी तुमच्या घरच्यांना काही करायचं असेल तर या. कुणी अडवणार नाही. मी स्वतः गेटवर सांगून ठेवतो."

सरुबाईच्या मनात होतं ते एवढंच, की तिथली माती काढून घ्यावी, स्वच्छ धडप्यात बांधावी आणि नदीला नेऊन सोडावी. हाडं आता कुठली राहायला, पण माती तर तिची. त्यासाठी नेमकी जागा पाहिजे होती, आणि ती ठाऊक असलेला माणूस एकच जिवंत होता.

"म्या न्हाई येनार," धोंडिबा म्हणाला.

"का?"

"न्हाई म्हणलं ना."

घरात भांडण झालं. त्या भांडणातच पोपटला कळलं की त्याला एक बहीण होती. तो आधी आईवर चिडला, मग बापावर, आणि मग खाली मान घालून मोटारसायकलची किल्ली घेऊन आला. "आबा, बसा मागं. मी नेतो."

सकाळच्या उन्हात चौघं करंजाखाली उभे राहिले. सरुबाई, धोंडिबा, पोपट, आणि जरा लांब हेमाताई. सरुबाईनं फीत वर उचलून आत पाऊल टाकलं, धडपं पसरलं, खुरपं घेतलं.

"डोस्कं कुठल्या अंगाला केलं हुतं? तेवढं सांगा. म्हंजी तिकडची माती आधी घेते."

धोंडिबा बुंध्याकडं बघत राहिला.

"सांगा की."

"सरे, नगं खणू."

"का नगं?"

"तिथं न्हाई ती."

पोपट पुढं झाला, पण सरुबाईनं हातानंच त्याला थांबवलं. धोंडिबा बोलायला लागला. आवाज मोठा नव्हता, पण एकदा सुरू झाल्यावर तो मध्ये थांबला नाही.

"वळनावर छातीइतकं पानी हुतं त्या दिशी. करंज निम्मं पान्यात. आप्पा म्हनला, टेकडीच्या अंगाला नेऊ, तिकडं कोरडं हाय. म्याच म्हनलं, न्हाई. समद्यांची लेकरं तिकडं हायेत, हिला एकटीला टेकडीवर कशाला ठिवायची. म्हनून पान्यात उतरलो. जरा उंचवटा हुता तिथवर पोचलं की झालं, असं वाटलं. पाय सरकला. आप्पानं मला धरलं, म्या तिला धरली हुती… हातातनं गेली, सरे. पान्यानं नेली. नदीपत्तुर पळालो काठानं. न्हाई गावली."

"आन् धोंडा?"

"तू इचारशील म्हनून मांडला. खाली काय न्हाई."

सरुबाई खुरपं हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. हेमाताईंनी तोंड फिरवलं आणि त्या घसरगुंडीकडं चालत गेल्या, तिथं काही नव्हतं तरी. धोंडिबा उभाच होता, कुणी शिक्षा सांगेल म्हणून थांबलेल्या माणसासारखा. मग सरुबाईनं धडप्यावर पडलेली दोन पानं झटकली, त्याची घडी घातली आणि ती पोपटला म्हणाली, "चल."

फाटकाशी हेमाताईंनी तिला गाठलं. "मी सांगू का यांना? की त्या झाडाखाली काहीच नाही म्हणून?"

"सांगा. पोरं खेळू द्यात."

हेमाताईंनी सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. शांतिपूजा झाली, गुरुजी आले, नारळ फुटले, धूर सातव्या मजल्यापर्यंत गेला. मग यंत्र आलं आणि करंज पडला. सरुबाई त्या दिवशी कामावर गेली नव्हती, आणि नंतरही गेली नाही. हेमाताई एकदा रिक्षा करून लोणीला येऊन गेल्या. सोबत ओवीही होती. सरुबाईनं पोरीला जवळ घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले. परत कामाला येता का, असं हेमाताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला, ताई?"

धोंडिबाशी ती बोलत नव्हती. चहा द्यायची, ताट वाढायची, औषधाची गोळी पाण्याबरोबर पुढं ठेवायची. भांडण नाही, टोमणा नाही. सून घाबरून गेली. पोपटनं दोन्हीकडं समजावून पाहिलं. धोंडिबाची भूक कमी झाली, तो दिवसभर ओट्यावर बसून राहायचा, आणि चौकात जाणंही त्यानं सोडलं. सरुबाईला त्याचा राग आला होता का, तर तेही तिला नीट सांगता आलं नसतं. कधी वाटायचं, इतकी वर्षं मला रिकाम्या जागेला अंघोळी घालायला लावल्या यानं. आणि लगेच मनात यायचं ते काठाकाठानं नदीपर्यंत पळणारं पोरगेलं माणूस. विशीचासुद्धा नव्हता तेव्हा तो. या दोन्हींतलं एक धरावं तर दुसरं सुटत नव्हतं.

पावसाळा अर्धा सरला. एका दुपारी ती दारात मेथी निवडत बसली होती, धोंडिबा ओट्यावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. मान वर न करता तिनं विचारलं,

"अंगावर काय हुतं तिच्या?"

धोंडिबाला आधी कळलंच नाही की ती आपल्याशी बोलते आहे. मग तो दचकून सावरून बसला.

"तुझ्या लुगड्याचं फडकं. हिरवं. आप्पानं गुंडाळलं हुतं."

"तोंडावरनं?"

"व्हय. तोंड झाकलं हुतं."

"गाठ घट्ट हुती का?"

"घट्ट हुती. म्या बघितली हुती. पान्यात बी सुटायची न्हाई."

सरुबाईच्या हातातली काडी तशीच राहिली. मग तिनं मेथीची सुपली बाजूला सारली आणि त्याच्या देखत, पहिल्यांदाच, ती मोठ्यानं रडली. धोंडिबा ओट्यावरून उठला. तिच्याजवळ जावं की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो तिथंच, हात लोंबते सोडून, उभा राहिला.